ओळखीच्या माणसाकडून आलेलं

घणसोली, रविवार, ४ मे

ताई,

वर देवाचं नाव आणि खाली मोठ्यांना नमस्कार, असं लिही म्हणून आई मागे लागलीय. लिहिलंय असं समज.

पत्र का, ते आधी सांगतो. तू मला ब्लॉक केलंयस, त्याबद्दल तक्रार नाही. 'जुनी बाईक फुकट' ही लिंक मीच पाठवली होती आणि त्याआधीची लकी ड्रॉवाली पण. बाकीच्यांनी तुला फोन का करू नये, तर तू बंगळूरला गेलीस तेव्हा आबांनी सांगून ठेवलंय, 'ह्या घरातनं तिला फोन जायाचा न्हाय.' पत्राचं ते काही बोलले नव्हते. हा मुद्दा सुनयना वहिनीनं काढला. तू तिला बघितलेलं नाहीस, दादाचं लग्न तू गेल्यावर झालं. डोकं वकिलाचं आहे, दिसायला साधी.

तर वहिनीचं काम चाललंय. न्हावा शेव्याला एक कस्टम एजंट आहे, त्याचे कागद ती आपल्या घरच्या कॉम्प्युटरवर भरून पाठवते. गेल्या महिन्यात ऑफिसातल्या सगळ्यांना तिच्या नावानं मेल गेला, 'सोबतचं बिल बघा.' तिनं पाठवलाच नव्हता. एकानं बिल उघडलं आणि त्याचं मशीन बसलं. साहेब म्हणाले, महिनाअखेरपर्यंत घरचा कॉम्प्युटर स्वच्छ करा, आमचा माणूस बघायला येईल, नाहीतर रोज इथे येऊन बसा. बाळ सात महिन्यांचं आहे. दादा ट्रेलर घेऊन महिन्यातले वीस दिवस बाहेर. रोज तिकडे जाणं म्हणजे काम सोडणंच. आणि काम सोडलं की ती परत हातात बाळ घेऊन खिडकीशी, हे तिनं मला सांगितलं नाही, मला दिसलं.

ह्या घरात हे कळणारी तू एकटी. मी महिन्यापूर्वी परत आलोय. मधे कुठे होतो ते विचारू नकोस. थोडे दिवस क्लीनर होतो, थोडे दिवस महाप्याला एका कँटीनमधे, मग गोव्याला गेलो होतो ते कशासाठी ते आता आठवत नाही.

आणि एक विचारायचं होतं. कॉम्प्युटरची पेनड्राइव्ह लावायची सगळी भोकं एमसीलनं बुजवलेली का आहेत? कीबोर्ड-माउसची सोडून सगळी. त्यातलं एक कुणीतरी उकरून मोकळं केलंय, आजूबाजूला ओरखडे आहेत. आईला विचारलं तर म्हणाली, 'तिलाच इचार.' आबांना विचारलं तर उठून अंघोळीला गेले. दुसऱ्यांदा.

उदय


१३ मे

ताई,

तुझं पोस्टकार्ड काल आलं. आबा दूध आणायला खाली गेले होते, लेटरबॉक्समधनं तेच घेऊन आले. दूध विसरले. टेबलावर ठेवून मला म्हणाले, 'तुझं कायतरी आलंय.' वहिनी म्हणते, जिन्यात दुसऱ्या मजल्यावर ते बराच वेळ उभे होते, बाळाला फिरवताना तिनं वरून पाहिलं. एवढं सगळं मुंगीच्या अक्षरात उघड्या कार्डावर का लिहिलंस? पाकिटात कागद घालता आला असता. नुसतं विचारतोय.

तुझं पहिलं वाक्य, 'कुणी फुकट दिलेला अँटिव्हायरस टाकला नसशील अशी आशा आहे,' हे वाचून वहिनी हसली आणि मी नाही. कारण टाकला होता. कँटीनमधल्या बंडूकडे सगळंच फुकट असतं, त्यानं कुलूप तोडलेला म्हणून दिला. टाकल्यावर कॉम्प्युटर रोज सकाळी सांगायला लागला की तुमच्याकडे नऊशे व्हायरस आहेत, पैसे भरा. मला वाटलं, बघा किती काम करतोय. वहिनी म्हणाली, 'भाऊजी, तुम्ही चोरालाच वॉचमन ठेवलंय. पगार पण मागतोय.'

मग तुझं कार्ड घेऊन मी आणि वहिनी नाक्यावरच्या झहूरभाईंकडे गेलो. तू जायच्या आधी त्यांचं दुकान नव्हतं. मूळचे म्हसळ्याचे, कॉम्प्युटर दुरुस्त करतात आणि दुकानात एक पोपट आहे, तो काही बोलत नाही. ते म्हणाले, 'फॉरमॅट मारू या. नव्या नवरीसारखा होईल.'

'आणि आतलं सगळं?'

'ते जाणार. नवरी माहेरचं सगळं घेऊन येते का?'

'मी आणलंय,' वहिनी म्हणाली. 'मिक्सर पण.'

झहूरभाईंनी तिच्याकडे बघितलं आणि तुझं कार्ड मागून घेतलं. वाचता वाचता त्यांचा खोडकरपणा कमी झाला. 'कोण आहे ही?' मी म्हटलं, बहीण. 'मग माझ्याकडे कशाला आलास?' म्हणाले. पण जाताना एक गोष्ट सांगितली, ती ऐकून मी तिथेच स्टुलावर बसलो. म्हणाले, 'तुम्ही सातारचे ना, ते पालखीवाले? मे-जून म्हणजे तुमच्या गावाचा सीझन. एकाच आजाराचे सात-आठ कॉम्प्युटर येतात. सगळे तुमच्या गावकरी मंडळातले. घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे. रांगेत.'

ताई, रांगेत. ते माझ्या डोक्यातून जात नाही. न्हावा शेव्याला कंटेनरला सील असतं, सील शाबूत असलं की आत काय आहे ते कुणी बघत नाही, गेट उघडतं. मी एकदा एका ड्रायव्हरला विचारलं होतं, मग सील लावणारा कोण असतो? तो म्हणाला, ज्याचा माल त्याचाच माणूस. मला तेव्हा झोप आली नव्हती. हे आता का आठवलं, तर कुणीतरी परदेशात बसून तो व्हायरस लिहिला असेल, त्याला घणसोली माहीत पण नसेल, आणि तो आपल्या मंडळात घरोघर फिरतोय. तो कसा पोचला? त्याला कुणी आणलं?

उदय


२१ मे

ताई,

केलं सगळं. तू लिहिलंस त्याच क्रमानं. आधी इंटरनेटची वायर काढली. वहिनीनं तिच्या फोनवरून मेलचे आणि बँकेचे पासवर्ड बदलले, कॉम्प्युटरवरून नाही. बंडूचा वॉचमन हाकलला. कामाचे कागद आणि बाळाचे फोटो तेवढे झहूरभाईंकडच्या हार्ड डिस्कच्या डब्यात काढून ठेवले आणि ते पण आधी तपासले. मग विंडोजचं जे स्वतःचं तपासणं असतं, मशीन बंद करून चालू होताना करतात ते, ते लावलं. पडदा काळा झाला. मी, वहिनी, आई, आबा, सगळे बसून राहिलो. बाळ आबांच्या मांडीवर. आबा म्हणाले, 'दवाखान्याच्या भायेर बसल्यागत झालंय.'

मला वाटलं होतं काहीतरी दिसेल. किडा, कवटी, निदान लाल रंग. नुसती नावं आली, कंपाउंडरच्या अक्षरासारखी. त्यातली बरीच गेल्या वर्षीच्या मे महिन्यातली. म्हणजे वर्षभर आत बसून होती, वहिनी कागद भरायची ते बघत. मला त्यांचा राग यायच्या ऐवजी विचारावंसं वाटत होतं, काय बघितलंत रे एवढं? कुणाच्या तरी तांदळाचं वजन?

दुसऱ्यांदा तपासलं तर काही नाही. मग अपडेट. ते रविवारपर्यंत चाललं. मग आबांसाठी वेगळं खातं केलं, त्यात नवीन काही टाकायची परवानगी नाही. आबा म्हणाले, 'म्हंजी माज्या घरात मला परवानगी न्हाय.'

'मला पण नाही आबा,' वहिनी म्हणाली. 'रोजच्या कामाला मी पण तसल्याच खात्यातून जाते. किल्लीचं खातं वेगळं ठेवलंय.'

'किल्ली कुणाकडं?'

'आईंकडं.'

हे आबांना पटण्यासारखं होतं. आईनं काय पासवर्ड ठेवलाय ते देवाला ठाऊक. ती एका बोटानं टाइप करते आणि तोवर आम्ही सगळ्यांनी भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं.

भिंतीकडे तोंड करून उभा असतानाच मी परत विचारलं, एमसीलचं काय? आणि तेव्हा आईनं सांगितलं. की दोन वर्षांपूर्वी गावच्या यात्रेनंतर मंडळातला हौसेराव नेहमीसारखा यात्रेच्या शूटिंगचा पेनड्राइव्ह घेऊन आला. लाल कापडात, हळदकुंकू लावलेला. की तू म्हणालीस, हा घरोघर फिरतो, ह्यात काय काय आलंय माहीत नाही, आपल्याकडे लावायचा नाही. की भोकं आधीच बुजवून ठेवली होतीस. हौसेराव मंडळाच्या माणसांदेखत म्हणाला, देवाला दार बंद केलं. आबा टोळीचे मुकादम, ह्या माणसांबरोबर तीस वर्षं मार्केटात पोती उचललेली. ते तुला बोलले. तू त्यांना बोललीस. आईनं काय काय ते सांगितलं नाही, फक्त एवढंच की तू ओरडलीस, 'ओळखीच्या माणसाकडून आलं म्हणून काय झालं? उघडायचं नाही म्हणजे नाही.' आणि सकाळी बॅग घेऊन गेलीस. मग आबांनी पोती ओढायच्या आकड्यानं एक भोक उकरलं आणि पेनड्राइव्ह लावला. 'शूटिंग बगितलं न्हाई,' आई म्हणाली. 'लावून निस्ते बसले.'

म्हणजे रांग अशी होती. झहूरभाईंची रांग आणि हौसेरावाची रांग एकच.

आता अडचण अशी की येत्या रविवारी रात्रीच्या जेवणाला हौसेराव आपल्याकडे येतोय, शूटिंग घेऊन तो दर यात्रेनंतर घरोघर जेवतो त्यात आपला नंबर आहे. शुक्रवारी, तीसला, वहिनीच्या ऑफिसचा माणूस येणार. पेनड्राइव्ह लागला तर सगळं परत पहिल्यापासून आणि वहिनीचं काम गेलं. न लावला तर आबांना मंडळात तोंड दाखवायला जागा नाही. मी हौसेरावाला विचारलं होतं, तुम्ही हे यूट्यूबवर का टाकत नाही? तर म्हणाला, 'मग मला ज्येवाय कोन बोलवील?' हसत म्हणाला, पण बायको वारल्यापासून तो तुर्भ्याला एकटाच असतो. मला त्याच्यावर नीट चिडता पण येईना.

काय करू? वेळ नाही हे मला माहीत आहे. तरी लिही.

उदय


सोमवार, २६ मे

ताई,

तुझं उत्तर यायच्या आत रविवार आला.

मी टीव्हीला लावू म्हणत होतो, टीव्हीला हा आजार लागत नाही असं झहूरभाई म्हणाले. वहिनी म्हणाली, 'आणि पुढच्या घरी? त्यांच्याकडे कॉम्प्युटर असेल तर? आपल्याकडून जाताना आपणच दिल्यासारखं नाही का?' मला ते सुचलंच नव्हतं. मी आपल्या घरापुरता विचार करत होतो.

हौसेराव आला. पांढरी टोपी, खिशात लाल कापड. मागे मंडळाचे बाबासो आणि अजून एक जण. आई ताटं घेत होती. आबा दारात जाऊन उभे राहिले. आत या म्हणाले नाहीत. मी कधी त्यांना पाहुण्याला दारात उभं केलेलं बघितलं नव्हतं.

'हौशा,' आबा म्हणाले, 'त्यो आत यायाचा न्हाय.'

'कोन?'

'तुज्या खिशातला. तू ये. तुजं घर हाय. त्यो भायेर.'

बाबासो म्हणाले, 'सयाजीराव, देवाचं हाय त्ये.'

'देवाचं शूटिंग हाय. देव गावाला हाय.'

हौसेरावाचं तोंड असं झालं, ताई, की मला बघवेना. म्हणाला, 'मग चपलांत ठिवू का देवाला?'

आई आतून म्हणाली, 'तुळशीपाशी ठेवा की.' ती आपली बाहेरच्या ग्रिलमधली कुंडी. मग आबा म्हणाले, आणि हे मी शब्दाला शब्द लिहितोय, कारण मागून लिहून ठेवलं:

'हौशा, त्यात आजार हाय. तुजा न्हाय, तू निस्ता फिरवतुयास. दर साली आपल्याच मानसांच्या घरात सोडतुयास. माज्या पोरीनं दोन वर्सामागं सांगितलं हुतं. तिचं खरं हुतं.'

वहिनीचा पापड तव्यावर जळला. वास आला तरी कुणी काढला नाही.

हौसेरावानं खिशातलं लाल कापड काढलं. मग वळला, पेनड्राइव्ह तुळशीत ठेवला, कापडासकट, हात जोडले आणि आत आला. बाबासो आणि तो दुसरा आले नाहीत, जेवण झालंय म्हणाले. झालं नव्हतं. आबांना ते लागलं, मला दिसलं. मंगळवारी मार्केटात काय होईल ते बघू.

हौसेराव जेवताना कुणाशी बोलत नव्हता. मग वहिनीनं विचारलं, 'काका, मी तुमच्या गावची यात्रा बघितलीच नाही. लग्न झालं नि बाळच झालं. कशी असते?' तो म्हणाला, शूटिंगमधी हाय समदं. ती म्हणाली, ते तर तुळशीत आहे. तुम्ही सांगा.

आणि तो सांगायला लागला. आधी उगाच, मग हात धुवायचे राहिले. देवाच्या पालखीचा छबिना कुठून निघतो, ढोलकरी कुठल्या वळणावर जाणूनबुजून थांबतात, कुस्तीच्या फडात पंच कसा पडला. मधेच उठून देवाची उंच काठी घेतलेला काठीवाला कसा चालतो ते चालून दाखवलं. बाळ खिदळायला लागलं. मी ती यात्रा कितीदा बघितलीय, पण वळणाचं मला माहीत नव्हतं. तुला माहीत होतं?

जाताना तो म्हणाला, 'झहूर की कोन त्यो, त्येच्याकडं घिऊन जातो. त्येला आंगूळ घाल म्हंतो.' मग आबांना म्हणाला, 'फुडच्या घरी पन सांगू का मग? तोंडी?' आबा म्हणाले, 'आदी ज्येवत जा. मग सांग.'

उदय


सोमवार, २ जून

ताई,

वहिनीचं काम राहिलं. ऑफिसचा माणूस शुक्रवारी आला, तासभर बघितलं, आईला भिंतीकडे तोंड करायला सांगितलं, मग आईनं त्यालाच करायला लावलं. सह्या झाल्या. आजपासून ती बसलीय परत. मी तिच्यासाठी आठवड्याला फाइली वेगळ्या काढून ठेवायचं काम घेतलंय, किती दिवस करीन माहीत नाही, पण सध्या करतोय.

काल काय बोलणं झालं ते तुला माहीतच आहे. पण तुला फक्त आवाज आला असेल, इथलं दिसलं नसेल. म्हणून लिहितोय.

तुझं दुसरं कार्ड शनिवारी आलं. ते पण आबांनीच आणलं, पण ह्यावेळी जिन्यात थांबले नाहीत. वर येऊन मला म्हणाले, 'वाच.' मी मोठ्यानं वाचलं. मेलमधून आलेलं काही उघडायचं नाही, अपडेट पुढे ढकलायचं नाही, ते सगळं. मग तुझी शेवटची ओळ, 'ओळखीच्या माणसाकडून आलं म्हणून उघडायचं नाही. आधी त्याला फोन करून विचारायचं, हे तूच पाठवलंस का?'

'परत वाच,' आबा म्हणाले.

मी वाचलं.

'फोन करून इचारायचं,' ते म्हणाले. 'ह्ये तवा बोलली न्हवती.'

मग त्यांनी खिशातून फोन काढला आणि माझ्यासमोर धरला. तू गेलीस त्या महिन्यातला तुझा मेसेज. 'आबा, हे ऐका.' आणि खाली एक फाइल. अजून न उघडलेली. ताई, मला वाटतं तुला दोन निळ्या खुणा दिसल्या असतील आणि पुढे काहीच आलं नसेल, आणि तू समजली असशील की ऐकूनही गप्प बसले. त्यांनी ऐकलंच नाही. तूच ओरडून सांगितलं होतंस, ओळखीच्या माणसाकडून आलं तरी उघडायचं नाही. हौसेरावाचा पेनड्राइव्ह त्यांनी इरेला पेटून लावला. तुझी फाइल मात्र तू सांगितलंस तशी बंद ठेवली. दोन्ही एकाच माणसानं, एकाच महिन्यात. मी विचार करून थकलो.

मी म्हटलं, आबा, नुसतं विचारायचं होतं की कुणालाही.

'कुनाला इचारायचं? घरातनं फोन जायाचा न्हाय म्हनून मीच बोल्लो हुतो.'

काल सकाळी त्यांनी धुतलेला सदरा घातला. रविवार, कुठे जायचं नव्हतं. गॅलरीत गेले, दार ओढून घेतलं, पण ते नीट लागत नाही हे तुला माहीत आहे. आई ओट्याशी होती, तिनं नळ बंद केला. वहिनीनं बाळाच्या हातातली वाटी काढून घेतली. फोन लावून उभे राहिले, ताठ, मार्केटात मुकादम म्हणून साहेबांपुढे उभे राहायचे तसे. तू उचललास तेव्हा कशी आहेस वगैरे काही नाही. तुला आठवत असेल. 'सयाजी बोलतुय. दोन वर्सामागं एक फाइल आलीया तुज्या नंबरावरनं. ती तूच धाडलीस का?'

मग तू काहीतरी बोललीस. ते आम्हाला नाही आलं ऐकू. आबा हां म्हणाले. परत हां म्हणाले. मग नुसता फोन कानाला आणि दुसऱ्या हातानं ग्रिलचा गज धरलेला. तू रडत होतीस की हसत होतीस? आबांच्या पाठीवरून ते कळत नाही. एकदा म्हणाले, 'न्हाय, मीच.' हे कशाचं उत्तर होतं?

आत आल्यावर आई म्हणाली, 'काय हाय त्यात?'

'तिनंच धाडलीया,' आबा म्हणाले.

'पन काय हाय?'

'तिनंच धाडलीया म्हनलं की.' आणि फोन खिशात घालून दूध आणायला गेले.

अजून उघडलेली नाही. विचारलं तर म्हणतात, आता काय घाई हाय. फोन कुणाच्या हातात देत नाहीत, अंघोळीला जाताना पण आत नेतात. वहिनी म्हणते आपल्याला काय करायचंय. आई म्हणते तिला काहीच वाटत नाही, आणि दर तासाला आबांच्या खिशाकडे बघते. माझं जेवणात लक्ष नाही.

ताई, मला अनब्लॉक करू नकोस. पण एका कार्डावर, पाहिजे तर उघड्या, एवढंच लिही. काय आहे त्यात?

उदय